गाण्याआधीचा गाजावाजा

१२ ऑगस्ट २०२५. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून बारा मिनिटं झाली होती. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजायला आले होते. टेलर स्विफ्टच्या वेबसाइटवर आदल्या दिवसापासून चमचमत्या केशरी पडद्यावर उलटी मोजणी चालू होती. ती शून्यावर आली आणि नव्या अल्बमचं नाव जाहीर झालं, 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल'. पाठोपाठ अमेरिकन फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सी आणि त्याचा भाऊ जेसन यांच्या 'न्यू हाइट्स' या पॉडकास्टची एक झलक आली. त्यात टेलर पुदिन्याच्या रंगाची ब्रीफकेस उघडते. ब्रीफकेसवर केशरी अक्षरांत 'टी. एस.' लिहिलेलं. आतून ती नवी कोरी रेकॉर्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरते, पण मुखपृष्ठ मुद्दाम धूसर केलेलं. ते बघायचं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा! दुसऱ्या दिवशी तो भाग यूट्यूबवर लागला तेव्हा एका वेळी तेरा लाखांवर लोक तो बघत होते.

यात गाणं कुठे होतं? कुठेच नव्हतं. अल्बम यायला अजून ५२ दिवस होते आणि त्या ५२ दिवसांत त्यातलं एकही गाणं बाहेर आलं नाही. पूर्वी निदान एखादं गाणं चाखायला मिळायचं. इथे तेही नाही. विक्रीची आगाऊ नोंदणी मात्र घोषणेच्या क्षणीच सुरू झाली होती. ३ ऑक्टोबरला अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत त्याची नोंद झाली ४०.०२ लाख प्रतींइतकी. अमेरिकेत अल्बमची मोजदाद आजच्या पद्धतीने होऊ लागल्यापासून एका आठवड्यात एवढा आकडा कोणीच गाठला नव्हता. आधीचा विक्रम ॲडेलच्या '२५' या अल्बमचा होता, २०१५ मधला.

न ऐकलेल्या गाण्यांवर लोक एवढे पैसे का लावतात, हा प्रश्न चाहत्यांच्या वेडाचा म्हणून सोडून देता येईल. पण वेड कधी उफाळून यावं हे जेव्हा कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं असतं, तेव्हा त्यामागे कुणाचं तरी गणित असतं. ते गणित एका आठवड्याचं आहे.

अल्बमची लोकप्रियता मोजणारी अमेरिकेतली सर्वांत वजनदार यादी म्हणजे 'बिलबोर्ड २००'. तिचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करायचं ठरलं. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असा प्रत्येकाचा आपला वार होता. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात येण्याआधीच इंटरनेटवरून पळवलं जायचं, ते थांबवणं हा त्यातला एक हेतू. परिणाम असा झाला की सगळ्या मोहिमेला एकच टोक आलं. शुक्रवारची पहिली मिनिटं.

आगाऊ नोंदणीची खुबी इथेच आहे. आपल्याकडे मोठ्या ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व सवलत असते. वाचक आधी पैसे भरतो आणि त्या बदल्यात पुस्तक स्वस्तात घेतो. अल्बमच्या आगाऊ नोंदणीत सवलत वगैरे काही नसते. उलट, उशीर केलात तर ती खास आवृत्ती मिळणारच नाही, ही धास्ती असते. आणि ५२ दिवसांत नोंदवलेल्या प्रती मोजल्या जातात त्या पार्सल रवाना झाल्यावर, म्हणजे बहुतांशी पहिल्याच आठवड्यात. सात-साडेसात आठवडे साठवलेलं पाणी एका दिवसात सोडलं की पूर येणारच!

आता ऐकण्याचा हिशेब पाहा. २०१४ च्या डिसेंबरपासून बिलबोर्ड केवळ विकलेल्या प्रती मोजत नाही. स्पॉटिफायसारख्या सेवांवर ऐकलेली गाणीही धरते. २०१८ मध्ये प्रमाण असं ठरलं, आणि ते २०२५ अखेरपर्यंत चाललं, की पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी अल्बममधली गाणी १,२५० वेळा वाजवली की एक प्रत विकली असं समजायचं; जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांसाठी हाच आकडा ३,७५०. 'शोगर्ल'मध्ये बारा गाणी आहेत. वर्गणी भरणाऱ्या एखाद्या श्रोत्याने ती सगळी ओळीने शंभराहून थोडी जास्त वेळा ऐकली, तर तेव्हा त्याच्या खात्यावर एक प्रत जमा व्हायची. तेच काम दुकानात जाऊन सीडी घेणारा एका मिनिटात करतो, मग ती सीडी त्याने वेष्टनातून काढलीही नाही तरी चालतं. एकनिष्ठ चाहत्याने ऐकावं यापेक्षा विकत घ्यावं यात कंपनीला जास्त रस का, हे या दोन आकड्यांत दिसतं. 'शोगर्ल'च्या ४० लाखांपैकी जवळजवळ ३४.८ लाख प्रती खरोखर विकल्या गेलेल्या होत्या आणि त्यांपैकी १३ लाखांहून अधिक विनाइल, म्हणजे आपल्या आजोबांच्या कपाटातल्या एलपी रेकॉर्डच. त्या घेणाऱ्या सगळ्यांच्या घरी त्या वाजवायचं यंत्र असेलच, असं मानायचं कारण नाही.

मग एकाच माणसाने एकाहून अधिक प्रती घ्याव्यात, ही पुढची पायरी ओघानेच आली. 'शोगर्ल'च्या वेगवेगळ्या आवृत्त्या तीसहून अधिक होत्या. केशरी चकाकीच्या मूळ रेकॉर्डच्या आवृत्तीचं नाव होतं 'स्वेट अँड व्हॅनिला परफ्यूम', घाम आणि व्हॅनिलाचं अत्तर! कुठे मुखपृष्ठ वेगळं, कुठे रंग वेगळा, कुठे सीडीच्या डब्यात स्वेटर. अल्बम आल्यावर त्याच आठवड्यात एखाद-दुसरं गाणं वाढवलेल्या सीडी थोड्या वेळापुरत्या विक्रीला आल्या. ही युक्ती टेलरने पूर्वीही वापरली आहे. २०२२ च्या 'मिडनाइट्स'च्या चार रेकॉर्ड होत्या; चारही घेऊन त्यांची मागची बाजू एकत्र मांडली की घड्याळाची तबकडी पूर्ण व्हायची. एक घेतली तर वेळेचा चतकोर तुकडाच हाती.

बिली आयलिशने मार्च २०२४ मध्ये एका मुलाखतीत या चढाओढीवर टीका केली. मोठमोठे कलाकार निव्वळ आकडे फुगवण्यासाठी एकाच अल्बमच्या ढीगभर रेकॉर्ड काढतात आणि प्लास्टिकची नासाडी करतात, असा तिचा सूर होता. तिने नाव कुणाचंच घेतलं नाही. चाहत्यांनी अर्थातच आपापल्या सोयीने घेतलं. गंमत म्हणजे दोन महिन्यांनी आलेल्या तिच्या स्वतःच्या अल्बमलाही निरनिराळ्या रंगांच्या रेकॉर्ड होत्या, फक्त त्या पुनर्वापरातल्या वा पर्यावरणाला कमी घातक कच्च्या मालाच्या होत्या. स्पर्धेतून पूर्ण बाहेर पडणं तिलाही जमलेलं नाही.

या खेळाचं टोक कोरियात दिसतं. तिथल्या के-पॉप अल्बममध्ये गायकगटातल्या कुणा एकाचं छोटं फोटोकार्ड असतं आणि पाकीट फोडेपर्यंत ते कुणाचं ते कळत नाही. आपला लाडका गायक निघेपर्यंत चाहते घेतच राहतात. पहिल्या सात दिवसांच्या विक्रीला तिथे स्वतंत्र नाव आहे, 'चोडोंग', आणि तो आकडा चाहत्यांच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. २०२४ मध्ये तोक्योच्या शिबुया भागात 'सेव्हन्टीन' या गटाच्या अल्बमचे गठ्ठे रस्त्याकडेला टाकून दिलेले आढळले. कार्डं काढून घेतली, गाणी रस्त्यावर.

अमेरिकेत यादीवाल्यांनीही कधीकधी हात आखडता घेतला आहे. मध्यंतरी टी-शर्ट घ्या, अल्बम मिळेल; कार्यक्रमाचं तिकीट घ्या, अल्बम मिळेल, असा धडाका चालला होता आणि प्रत्येक टी-शर्टमागे एक अल्बम मोजला जात होता. २०१९ मध्ये डीजे खालेदने चक्क एनर्जी ड्रिंकबरोबर अल्बम विकला. बिलबोर्डने त्या प्रती मोजायला नकार दिला, यादीत टायलर द क्रिएटर हा रॅपर पहिला आला, खालेद दुसरा, आणि मग रीतसर आदळआपट झाली. पुढच्या वर्षी कपडे आणि तिकिटांबरोबर फुकट जोडलेले अल्बम मोजणं नियमानेच बंद झालं. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष आवृत्त्यांकडे वळलं, यात नवल नाही; एक वाट बुजवली की पाणी दुसरीकडून जातं.

एका आठवड्यावर सगळं बेतण्याची ही रीत मुळातली नाही. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस आला तेव्हा आधी पॉल मॅकार्टनीबरोबरचं एक सौम्य गाणं तेवढं बाहेर आलं होतं. अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला तो फेब्रुवारी १९८३ च्या शेवटी, तीन महिन्यांनी. मग मात्र तो एकूण ३७ आठवडे तिथे होता. नऊ गाण्यांपैकी सात एकेक करून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहांत आली. मे १९८३ मध्ये मोटाउन कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला गेला आणि त्यात त्याने 'मूनवॉक' करून दाखवला. 'थ्रिलर' गाण्याचा चौदा मिनिटांचा, जॉन लँडिसने दिग्दर्शित केलेला चित्रपट आला तो डिसेंबर १९८३ मध्ये, म्हणजे अल्बम वर्षाचा झाल्यावर! चित्रीकरणाला पैसे कमी पडले, तेव्हा 'हे कसं बनवलं' याची वेगळी फिल्म करून वाहिन्यांना विकायची आणि त्या पैशांतून मूळ चित्रपट काढायचा, असं ठरलं. आज असा धीर कोणती कंपनी धरेल? अल्बम वर्षाचा होईतो कलाकाराचे आणि चाहत्यांचेही दोन 'कालखंड' उलटून गेलेले असतात.

त्याच जॅक्सनची १९९५ ची मोहीम मात्र आजच्या जमान्याची नांदी म्हणावी अशी आहे. 'हिस्टरी' या दुहेरी अल्बमसाठी सोनी कंपनीने युरोपातल्या शहरांसाठी त्याचे अवाढव्य पुतळे घडवले, पोलाद आणि फायबरग्लासचे. त्यांपैकी सुमारे ३२ फुटांचा एक पुतळा जूनमध्ये बजऱ्यावर चढवून लंडनच्या टेम्स नदीतून मिरवला. पुढल्या वर्षी प्रागला जागतिक दौऱ्याचा नारळ फुटला, तेव्हा तिथेही पुतळा उभा राहिला आणि तो नेमका लेत्ना टेकडीवर, जिथे पूर्वी स्टालिनचा राक्षसी पुतळा होता आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून पाडला होता, तिथे. असलं धाडस करायला प्रसिद्धीखातंच लागतं.

हा दौरा १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत आला. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने ओवाळलं, मायकल 'मातोश्री'वर जाऊन आला, आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलात शिव उद्योग सेनेच्या छत्राखाली कार्यक्रम झाला. त्या कार्यक्रमाला दिलेल्या करमणूक कराच्या माफीवरून वाद कोर्टात गेला, आणि राज्य मंत्रिमंडळाने ती माफी नव्याने मंजूर केली तेव्हा २०२१ साल उजाडलं होतं. एका अल्बमच्या मोहिमेचं शेपूट महाराष्ट्राच्या मंत्रालयात पंचवीस वर्षं वळवळत होतं.

गाजावाजा न करणं हाही गाजावाजाच असतो, हे बियॉन्सेने सिद्ध केलं. १३ डिसेंबर २०१३ च्या मध्यरात्री तिने काहीही न सांगता स्वतःच्या नावाचा अल्बम आयट्यून्सवर टाकला: चौदा गाणी आणि त्यांचे सतरा व्हिडिओ. घोषणा म्हणजे इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट. तीन दिवसांत अमेरिकेत ६.१७ लाख प्रती गेल्या. एवढे व्हिडिओ चित्रित करायला किती माणसं लागली असतील, आणि त्यांतल्या कुणाच्याही तोंडून काही फुटलं नाही! आधी डिजिटल विकून मग सीडी दुकानात पाठवल्या म्हणून 'टार्गेट' ही दुकानांची साखळी रुसली आणि तिने सीडी ठेवायला नकार दिला. त्याने फरक काही पडला नाही. पण अचानक येणं सगळ्यांना परवडत नाही. बियॉन्सेचं नाव नुसतं उच्चारलं की बातमी होते. नवख्या गायिकेने रात्री गुपचूप अल्बम टाकला तर सकाळीही तो गुपचूपच राहील.

आणि फुकट दिलं तर? यू-टूने सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलशी संधान बांधून आपला नवा अल्बम आयट्यून्सच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत परस्पर घालून टाकला. कंपनीला वाटलं भेट. लोकांना वाटलं घुसखोरी. आठवड्याभरात ॲपलला अल्बम काढून टाकण्याची खास सोय करून द्यावी लागली आणि पुढच्या महिन्यात यू-टूचा गायक बोनो याने माफी मागितली. रेडिओहेडने २००७ मध्ये दहा दिवसांची सूचना देऊन अल्बम काढला तेव्हा किंमत ऐकणाऱ्यावर सोडली होती. शून्य भरलं तरी चालेल, पण पानावर जाऊन आकडा आपण टाकायचा. तिथे कुणाला घुसखोरी वाटली नाही. घेणाऱ्याने हात पुढे करायच्या आधीच त्याच्या खिशात वस्तू कोंबली, हे यू-टूचं चुकलं.

ॲडेलचं उदाहरण मात्र या सगळ्यांत देखणं. १८ ऑक्टोबर २०१५ ला ब्रिटनमध्ये 'द एक्स फॅक्टर' या टीव्ही कार्यक्रमाच्या मधल्या जाहिरातींत तीस सेकंद काळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत गाण्याचे शब्द, मागे एक आवाज, आणि बस्स. नाव नाही, तारीख नाही, कंपनीचा शिक्का नाही. आवाज ऐकून घराघरांत लोक ताठ बसले. तिचं गाणं ऐकून तीनएक वर्षं झाली होती आणि कुणाला नाव सांगावं लागलं नाही. पाच दिवसांनी 'हॅलो' आलं, महिन्याने '२५'. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ३३.८ लाख प्रती. हा अल्बम तेव्हा स्पॉटिफायवर नव्हताच, हवा तर विकत घ्या. या लेखातल्या साऱ्या मोहिमांत गाण्याच्या जोरावर चाललेली ही एक, आणि खर्चाच्या मानाने कदाचित सर्वांत हुशार.

हल्ली प्रसिद्धीचं बरंचसं काम चाहतेच करतात, तेही बिनपगारी. कोल्डप्लेने २०१४ मध्ये 'घोस्ट स्टोरीज'च्या गाण्यांचे हस्तलिखित कागद नऊ देशांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत, भुताखेतांच्या गोष्टींच्या पुस्तकांमध्ये लपवले आणि ट्विटरवर एकेक धागा सोडला. लोक ग्रंथालयाकडे धावले, ही गोष्ट वेगळ्या कारणासाठीही नोंदवावी अशी! टेलरच्या चाहत्यांना तर सांकेतिक खुणा शोधण्याचं व्यसनच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये व्हँकुव्हरला तिच्या 'एराज' दौऱ्याचा शेवटचा प्रयोग संपला तेव्हा ती केशरी दारातून रंगमंचाबाहेर गेली, आणि पुढे आठ महिने त्या दारावर चर्चा झडली. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलवर तिचं नाव टाकलं की निळी तिजोरी दिसायची, तिच्यावर क्लिक केलं की कोडं. सगळ्यांनी मिळून तीन कोटी तीस लाख वेळा कोडी सोडवली की तिजोरी उघडणार. मध्येच ती बिघडली, लोक खवळले, गूगलने दुरुस्त केली, आणि दिवसभराच्या आत तेवढी कोडी सुटलीसुद्धा. बक्षीस काय? गाणी नव्हे, पाच गाण्यांची नावं.

या मेहनतीत चाहत्यांना आनंद नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. अनोळखी माणसांबरोबर कोडं सोडवण्यात, कुणीतरी सुचवलेला तर्क खरा ठरण्यात मजा असतेच. प्रश्न एवढाच की त्या तीन कोटींवरच्या क्लिक कुणाच्या कामी आल्या. गूगलच्या आणि कंपनीच्या, हे उघड आहे.

स्वस्तात मस्त म्हणावी अशी मोहीम चार्ली एक्ससीएक्सची. जून २०२४ मध्ये आलेल्या 'ब्रॅट'च्या मुखपृष्ठावर गायिकेचा फोटोही नव्हता. डोळ्यांना खुपणारा पोपटी-हिरवा चौकोन आणि त्यावर साध्या, किंचित फाटलेल्या टंकात चार इंग्रजी अक्षरं. कुरूप आहे अशी तक्रार झाली. पण हा चौकोन कुणालाही दोन मिनिटांत करता येत होता, आपला शब्द घालता येत होता, आणि लोकांनी तो केला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक भिंत हिरवी रंगवून तिच्यावर अधूनमधून नवे निरोप लिहिले जात होते. चाहते भिंत रंगताना बघायला जमत. जुलैत चार्लीने कमला हॅरिस यांना 'ब्रॅट' म्हटलं आणि त्यांच्या प्रचारकांनी समाजमाध्यमावरचं पान त्याच हिरव्या रंगात रंगवलं. वर्षअखेरीस कॉलिन्स शब्दकोशाने 'ब्रॅट' हा वर्षाचा शब्द ठरवला.

फसलेल्या मोहिमाही मजेदार असतात. केटी पेरीने २०१३ मध्ये 'प्रिझम'ची जाहिरात करायला सोनेरी ट्रक अमेरिकाभर फिरवला. पेनसिल्व्हेनियात त्याला एका दारुड्या गाडीचालकाने धडक दिली. अल्बमच्या महागड्या आवृत्तीत बियांचा कागद होता, घरी पेरा आणि फुलं फुलवा. ऑस्ट्रेलिया परदेशी बियाण्यांबाबत फार कडक. तिथल्या कृषी खात्याने लगेच डोळे वटारले. पॉप गायिकेचा अल्बम जैवसुरक्षेच्या यादीत जाऊन बसण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. आणि रेकॉर्ड छापायला महिने लागतात, याचा फटका बियॉन्सेलाही बसला. मार्च २०२४ च्या 'काउबॉय कार्टर'ची विनाइल घरी आली तेव्हा तिच्यावर पाच गाणी नव्हतीच; गाण्यांची अंतिम यादी ठरण्याआधीच तबकड्या कारखान्यात गेल्या होत्या. आगाऊ पैसे भरणाऱ्यांना अपुरा अल्बम आणि फुकट ऐकणाऱ्यांना पुरा.

आपल्या भागाशी थेट धागा जुळतो तो एड शीरनच्या 'प्ले'चा. त्याच्या आधीच्या अल्बमपैकी पाच गणिताच्या चिन्हांच्या नावांचे होते. 'प्ले'पासून त्याने टेपरेकॉर्डरच्या बटणांची नावं धरली. ३० जानेवारी २०२५ ला त्याचा भारत दौरा पुण्यात सुरू झाला आणि हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, शिलाँग करत दिल्ली परिसरात संपला. बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर भर रस्त्यात गाताना पोलिसांनी त्याची वायर उपटली. ती चित्रफीत जगभर फिरली. जाहिरातीवर खर्च करून इतकी प्रसिद्धी मिळाली नसती! या दौऱ्यात ठिकठिकाणी केलेलं चित्रीकरण जूनमध्ये 'सफायर' या गाण्याच्या व्हिडिओत दिसलं. अरिजित सिंगबरोबर स्कूटरवरची फेरी, क्षणभर शाहरुख खान, आणि गाण्यात पंजाबी शब्द. अल्बमचं ध्वनिमुद्रण आपण गोव्यात, भारतीय वादकांच्या साथीने पूर्ण केलं, असं एडने सांगितलं. 'प्ले' १२ सप्टेंबरला आला तोवर 'सफायर' इथे लग्नाच्या संगीत-संध्येपर्यंत पोचलं होतं. इथल्या श्रोत्यांची संख्या पाहता ही निव्वळ मैत्री नव्हे, बाजारपेठेची बांधणीही आहे. तरी टेलरच्या ब्रीफकेसपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी होती: अल्बमच्या आधी गाणं आलं होतं, आणि लोकांनी ते ऐकून मग मत बनवलं.

आपल्याकडे ही रीत रुजली नाही, कारण अल्बमच फारसा रुजला नाही. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने देश डोलवला, मराठीत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'ने पावसाळे गाजवले. पण गाण्याची जाहिरात करायची ती सिनेमाच्या निर्मात्याने, ही सवय मोडली नाही. आता तर अल्बमचीही गरज उरलेली नाही. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर पसरलं ते लोकांच्या रील्सवरून, एकटं गाणं, पुढेमागे अल्बम नाही.

'शोगर्ल'चं पुढे काय झालं, हे सांगायला हवं. समीक्षकांची मतं संमिश्र होती. पहिल्या तीन दिवसांत थिएटरमध्ये गाण्याच्या व्हिडिओसह अल्बमची गोष्ट सांगणारा कार्यक्रम लावला, तिकीट बारा डॉलर. त्याने उत्तर अमेरिकेत तीन कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. दुसऱ्या आठवड्यात अल्बमचा आकडा ४० लाखांवरून सुमारे ३.३८ लाखांवर आला, नव्वद टक्क्यांहून मोठी घसरण, आणि तरीही तो पहिलाच होता. कारण एवढंच की बाकी कुणाचा आकडा त्याहून मोठा नव्हता. 'द फेट ऑफ ऑफेलिया' हे त्यातलं गाणं मात्र पुढे कित्येक आठवडे गाण्यांच्या यादीत अव्वल राहिलं. तिथे ब्रीफकेस किंवा अल्बमच्या आवृत्त्या फारशा उपयोगी पडत नाहीत. ते गाणं लोक पुन्हा पुन्हा लावत होते.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर उलटी मोजणी दिसली तर गंमत म्हणून जरूर बघावी. अल्बम शुक्रवारी सकाळी फुकट ऐकायला मिळतोच. तो आवडला आणि रेकॉर्ड घ्यायचीच असेल तर दोन-तीन आठवडे थांबावं. तोवर खऱ्या अर्थाने पूर्ण आवृत्ती कोणती, हे कंपनीने ठरवलेलं असतं.